विद्यापीठातली डेटा-सुरक्षा: लक्ष नसतानाही टिकतील अशा सवयी

२३ डिसेंबर २०१९ रोजी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे २६७ विंडोज सर्व्हर खंडणीखोरांनी कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारे) करून टाकले. ऐन नाताळच्या तोंडावर कामकाज ठप्प झालं. शेवटी विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, मोजून किल्ली मिळवली. तपासात या प्रकरणाची सुरुवात ऑक्टोबरच्या मध्यात सापडली. फसव्या मेलमधली लिंक उघडल्यामुळे दोन संगणक बाधित झाले होते. आत शिरलेल्यांना नोव्हेंबरमध्ये सुरक्षेची अपडेट न केलेलं एक यंत्र सापडलं आणि तिथून त्यांनी जवळजवळ सगळं जाळं ताब्यात घेतलं. काही महत्त्वाच्या सर्व्हरांचे बॅकअप त्याच जाळ्यात जोडलेले होते, त्यामुळे तेही गेले.

अशा घटनेनंतर सगळ्यांना एक परिपत्रक जातं: सावध राहा. या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. निकाल लावायच्या आठवड्यात, प्रवेशाच्या गर्दीत किंवा प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री कोणीच सावध नसतं, आणि फसवणारे नेमके तेच दिवस निवडतात. म्हणून या लेखात भर आहे तो एकदा बसवून ठेवता येतील अशा गोष्टींवर. तुमचं लक्ष उडालं तरी त्या आपलं काम करत राहतील. क्रमही तसाच ठेवला आहे. वेळ कमी असेल तर पहिल्या दोन पायऱ्या आजच उरका.

पहिली पायरी: मेलचं खातं आणि पासवर्ड

सुरुवात मेलपासून करा. बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलता येतात आणि त्याची लिंक मेलवरच येते. मेल गेला की पोर्टल, क्लाउडवरच्या फाइली, जर्नलची खाती असं सगळं पाठोपाठ जाऊ शकतं.

पासवर्ड लक्षात ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्या आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड बनवून साठवणारं ॲप, घ्या. बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. सगळं आपल्याच संगणकावर राहावं असं वाटत असेल तर कीपासएक्ससी घ्या, फक्त त्याच्या फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. मॅनेजरला एकच मुख्य पासवर्ड लागतो. तो पाच-सहा शब्दांचा करा, पण शब्द मनाने निवडू नका. शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवा आणि येईल तो शब्द घ्या. पाठ असलेली ओवी किंवा गाण्याचं धृपद वापरायचा मोह होतो, पण जे तुम्हाला पाठ आहे ते लाखो लोकांना पाठ असतं. शब्द मराठी असले तरी रोमन अक्षरांत टंका, कारण प्रयोगशाळेतल्या संगणकावर देवनागरी कळफलक असेलच असं नाही. हा एक पासवर्ड कागदावर लिहून घरी कुलपात ठेवायला हरकत नाही. तुमच्या कपाटापर्यंत पोहोचणारा चोर आणि दुसऱ्या खंडातून खाती फोडणारा चोर यांचे धंदे वेगळे आहेत.

मग मेलचा पासवर्ड मॅनेजरकडून नवा बनवून घ्या, त्यानंतर बँकेचा, मग विद्यापीठाच्या पोर्टलचा. उरलेली खाती एकाच रविवारी बदलायला बसू नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. ज्या साइटवर पुढच्या वेळी जाल तिचा पासवर्ड त्या वेळी बदला. जुने पासवर्ड आधीच फुटलेत का हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मेलचा पत्ता टाकून कळतं.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती अजून पुष्कळ ठिकाणी आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं स्पष्ट म्हटलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदल मागावा, आणि मोठी अक्षरं, अंक, चिन्हं यांच्या जबरदस्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावं, अशी तिची भूमिका आहे. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, हे कोणत्याही कार्यालयात बसलेल्याला ठाऊक आहे. तुमच्या विद्यापीठात असा नियम असेल तर पाळावाच लागेल, पण तो बदलावा म्हणून संगणक केंद्राला लिहा.

विभागाच्या सामायिक लॉगिनबद्दलही बोलायला हवं. भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड, किंवा 'सगळ्यांना माहीत असलेला' पासवर्ड. कोणी काय बदललं हे यात कधीच कळत नाही. शक्य असेल तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन मागा. शक्य नसेल तर तो पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक कप्प्यात ठेवा आणि माणूस विभाग सोडून गेला की त्याच दिवशी बदला.

दुसरी पायरी: दुहेरी पडताळणी

दुहेरी पडताळणी म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं. मेल, बँक आणि विद्यापीठाचं खातं या तिन्हींवर ती सुरू करा. प्रकारांमध्ये फरक आहे. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून तो पळवता येतो. फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोड त्याहून बरा. सगळ्यात भक्कम म्हणजे पासकी (पासवर्डऐवजीची डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा-किल्ली: ती साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही. ओटीपी मात्र माणूस स्वतःच्या हाताने बनावट पानावर टाइप करून मोकळा होतो.

सुरू करताना मिळणारे रिकव्हरी कोड तिथल्या तिथे छापून घ्या. फोन हरवल्यावर त्यांची आठवण येऊन उपयोग नाही.

फोनवर 'तुम्हीच लॉगिन करताय का?' असा संदेश आला आणि तुम्ही काहीच करत नसाल, तर तो नाकारणं एवढ्यावर थांबू नका. संदेश आला याचा अर्थ बहुधा कोणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे. तो लगेच बदला. काही हल्लेखोर रात्री एकामागून एक संदेश पाठवत राहतात, झोपेत वैतागून कधीतरी 'हो' दाबलं जाईल या आशेवर. २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरकाव झाला तो याच युक्तीने.

तिसरी पायरी: मेल उघडण्याची रीत

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने इराणच्या माब्ना इन्स्टिट्यूटशी संबंधित नऊ जणांवर आरोप ठेवले. आरोपपत्रानुसार त्यांनी जगभरातल्या सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या खात्यांना लक्ष्य केलं आणि त्यांतली आठ हजारांच्या आसपास खाती फोडली. गळाला लावलेलं आमिष साधं होतं. काही मेल दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने यायचे: तुमचा लेख वाचला, आवडला, हेही लेख पाहा. लिंक दाबली की स्वतःच्या विद्यापीठासारखं दिसणारं लॉगिनचं पान यायचं. आपला लेख कोणीतरी वाचला या आनंदात पत्त्याची पट्टी कोण बघतो?

विद्यापीठांत फिरणारी इतर आमिषंही ठरलेली आहेत. ग्रंथालयाचं सदस्यत्व आज संपतंय. मेलबॉक्स भरली आहे. विभागप्रमुखांच्या नावाने 'मोकळे आहात का, एक छोटं काम होतं' आणि पुढे गिफ्ट कार्डची मागणी. विद्यार्थ्यांना घरबसल्या संशोधन-साहाय्यकाची नोकरी, तीही मुलाखतीशिवाय. वित्त विभागाला कर्मचाऱ्याच्या नावाने 'माझ्या पगाराचं बँक खातं बदला'.

यावर तीन सवयी पुरतात. मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचं नाही. पोर्टल, मेल, ग्रंथालय यांचे बुकमार्क स्वतः करून ठेवा आणि तिथूनच जा. दुसरी सवय मॅनेजरची: त्याने पासवर्ड आपोआप भरला नाही, तर हाताने कॉपी करून टाकू नका. पत्ता वेगळा आहे म्हणूनच तो गप्प बसला असण्याची शक्यता मोठी. तुमच्या थकलेल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. तिसरी, पैसे, पगार किंवा गुण यांविषयी मागणी आली तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

पत्ता वाचायचाच असेल तर एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग शोधा आणि तिथून उलट, उजवीकडून डावीकडे वाचा. 'लायब्ररी.अबक.एज्यू.लॉगिन-तपासणी.कॉम' हा पत्ता अबक विद्यापीठाचा नाही, तो 'लॉगिन-तपासणी.कॉम' चालवणाऱ्याचा आहे. डावीकडे काय वाटेल ते लिहिता येतं. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून महत्त्वाचं लॉगिन फोनवरच्या मेलमधून करूच नका. सूचनाफलकावरच्या क्यूआर कोडलाही हाच नियम.

जोडलेल्या फाइलींबाबत एक सेटिंग आत्ता बदला: विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल-नावांची एक्स्टेंशन दाखवायला सांगा. नाहीतर 'वेळापत्रक.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'वेळापत्रक.पीडीएफ' म्हणून मिरवते. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलने 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगितलं आणि पाठवणाऱ्याकडून मॅक्रो (फाइलमधले छोटे प्रोग्राम) अपेक्षित नसतील, तर दाबू नका.

आणि तरीही फसगत होऊ शकते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने स्वतःवरच्या हल्ल्याचा सविस्तर अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या फसव्या मेलवर कोणी क्लिकही केलं नव्हतं. तो नुसता उघडून पाहिला गेला तेवढ्याने काम झालं. म्हणून फसलेल्या सहकाऱ्याला बोल लावू नका. बोलणी खाणारा माणूस पुढच्या वेळी कळवत नाही.

चौथी पायरी: अपडेट

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. अपडेट आपोआप होऊ द्या आणि आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. नुसतं 'शट डाउन' पुरत नाही, कारण विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर यंत्रणा पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रयोगशाळेत एखाद्या महागड्या उपकरणाला जोडलेला जुना संगणक असतोच, आणि त्याला हात लावला तर उपकरण बंद पडण्याची भीती असते. तो तसाच राहू द्या, पण त्याची नेटवर्कची तार काढा. डेटा न्यायला एकच ठरलेला पेन ड्राइव्ह ठेवा आणि तो दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासून घ्या.

क्रॅक केलेली सॉफ्टवेअर हा विद्यार्थ्यांमधला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे असं माझं मत. सांख्यिकीचं पॅकेज फुकट मिळतं तेव्हा बरोबर ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येऊ शकतो, आणि अँटिव्हायरस बंद करायची सूचना तर इन्स्टॉल करतानाच दिलेली असते! आधी विद्यापीठाचा परवाना आहे का ते विचारा. नसेल तर 'आर' आणि जामोवी मोफत आहेत, लेखनासाठी लिब्रेऑफिस आहे.

पाचवी पायरी: लॅपटॉप, लॅबचा संगणक, पेन ड्राइव्ह

जागेवरून उठताना विंडोजवर 'विंडोज + एल', मॅकवर 'कंट्रोल + कमांड + क्यू'. बोटांना आठवड्याभरात सवय लागते.

लॅपटॉप चोरीला गेला तर लॉगिनचा पासवर्ड डेटा वाचवत नाही. डिस्क काढून दुसरीकडे जोडता येते. त्यासाठी डिस्क कूटबद्ध हवी. मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोज प्रोवर बिटलॉकर, होम आवृत्तीच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. सुरू करताना मिळणारी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये साठवू नका.

इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ यूएसबी ड्राइव्ह मुद्दाम टाकून पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९८ टक्के ड्राइव्ह जागेवरून उचलले गेले आणि ४५ टक्क्यांमधल्या फाइली कोणीतरी उघडल्या. अनेकांचा हेतू चांगला होता, मालकाला परत द्यायचा. सापडलेला पेन ड्राइव्ह न जोडता संगणक केंद्रात द्या.

छपाईसाठी दुसऱ्याच्या संगणकावर मेल उघडणं टाळा. फक्त त्या पीडीएफसाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि काम झालं की फॉरमॅट करा. लॅबच्या संगणकावर लॉगिन करावंच लागलं तर प्रायव्हेट विंडो वापरा, साइन आउट करा, आणि 'डाउनलोड्स' फोल्डर व रीसायकल बिन रिकामे करायला विसरू नका. शिकवणाऱ्यांनी वर्गासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करावं, म्हणजे प्रोजेक्टरवर गुणांची यादी किंवा खासगी संदेश झळकत नाहीत.

विद्यापीठात एड्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) असेल तर ते हाताने जोडू नका. नावापुरतं 'एड्युरोम' असलेलं बनावट वायफाय कोणीही उभं करू शकतो, आणि तुमच्या फोनने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं नाही तर पासवर्ड त्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. विद्यापीठाने दिलेलं जोडणीचं साधन किंवा गेटएड्युरोम ॲप ही तपासणी बसवून देतं. बाहेरच्या वायफायवरून विद्यापीठाच्या अंतर्गत सेवांसाठी विद्यापीठाचाच व्हीपीएन (कूटबद्ध जोडणी) वापरा. फुकट व्हीपीएनची चालक कंपनी तुमची सगळी वाहतूक स्वतःकडून नेते, हे लक्षात घ्या.

सहावी पायरी: दुसऱ्यांचा डेटा

इथवर तुमची स्वतःची खाती होती. विद्यापीठात मात्र सगळ्यात नाजूक असतो तो इतरांचा डेटा: गुण, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, वैद्यकीय रजेचे अर्ज, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं. तो बहुतेक वेळा चोर नेत नाही, आपणच पाठवतो.

एक्सेलमध्ये लपवलेला स्तंभ हा लपलेला नसतो; एका क्लिकमध्ये उघडतो. पिव्हट टेबलच्या मागे मूळ यादी शाबूत राहू शकते. गुण जाहीर करायचे तर आवश्यक स्तंभ नव्या फाइलमध्ये 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवा आणि तिचा पीडीएफ करा. त्याहून चांगलं म्हणजे ज्याचे गुण त्यालाच पोर्टलवर दिसू द्या. व्हॉट्सॲप गटावर टाकलेली यादी परत येत नाही. वर्डमधले 'ट्रॅक चेंजेस' पाठवण्याआधी काढा, नाहीतर परीक्षकाचे शेरे विद्यार्थ्याच्या हाती पडतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर कॉपी करता येऊ शकतो. त्यासाठी रिडॅक्शनचं, म्हणजे मजकूर खरोखर काढून टाकणारं, साधनच वापरा आणि मग स्वतः कॉपी करून पाहा. पन्नास विद्यार्थ्यांना मेल करताना पत्ते 'बीसीसी'मध्ये. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश सगळ्यांना दाखवणारी सेटिंग बंद आहे ना, ते पाहा. 'लिंक असणारा कोणीही' या पर्यायाने वाटलेल्या फाइली सत्र संपताना शोधून बंद करा.

संशोधकांसाठी आणखी एक इशारा. नावं काढली म्हणजे डेटा निनावी झाला, असं होत नाही. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांची वेगळी ओळख पटण्याची शक्यता आहे. एका विभागातली एकमेव महिला प्राध्यापक, ५२ वर्षांची: हिचं नाव लिहायची गरजच काय? जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवा, छोट्या गावाऐवजी प्रदेश ठेवा. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांचा तक्ता वेगळ्या, कूटबद्ध फाइलमध्ये ठेवा. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्राममधला कूटबद्ध करण्याचा एईएस-२५६ पर्याय त्याला पुरेसा आहे. पासवर्ड मात्र त्याच मेलमध्ये पाठवायचा नाही. आणि मुलाखतीचा मजकूर सारांशासाठी एखाद्या एआय चॅटमध्ये चिकटवण्याआधी विचारा: सहभागी व्यक्तीने संमती दिली ती यासाठी होती का?

सातवी पायरी: बॅकअप

डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा ७७ टेराबाइट संशोधन-डेटा पुसला गेला, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. हल्ला वगैरे काही नव्हतं. बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यात बदल केला गेला आणि जुन्या नोंदींऐवजी ती फाइलीच पुसत सुटली. १४ गटांना फटका बसला, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला.

जुना नियम अजून उत्तम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. पीएचडी करणाऱ्याने तो असा बसवावा. कामाची प्रत लॅपटॉपवर. दुसरी विद्यापीठाच्या क्लाउडमध्ये, आपोआप. तिसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आठवड्यातला एक वार ठरवून, आणि काम झालं की डिस्क काढून ठेवायची. जोडलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअरलाही जोडलेलीच असते. मास्ट्रिख्टमध्ये नेमकं तेच नडलं. क्लाउडचं सिंक एकटं पुरत नाही, कारण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. तिथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात हे तपासून ठेवा.

मग महिन्यातून एकदा, एक प्रकरण किंवा एक डेटा-फाइल बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. ही पायरी जवळपास सगळे गाळतात.

चुकीचं काही दाबलं गेलं तर

१. वायफाय बंद करा, तार काढा. संगणक बंद किंवा रीस्टार्ट करू नका. मेमरीतले धागेदोरे तपासाला लागतात.
२. संगणक केंद्राला फोन करा. त्यांचा नंबर आज फोनमध्ये साठवा, कारण त्या वेळी तुमचा मेल चालत नसेल.
३. दुसऱ्या उपकरणावरून मेलचा पासवर्ड बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा.
४. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. शिरलेला माणूस तुमचे मेल गुपचूप बाहेर वळवणारा नियम करून ठेवतो आणि तो पासवर्ड बदलल्यावरही टिकतो.
५. बँकेचे तपशील दिले असतील तर लगेच बँकेला कळवा.
६. तो मेल पुसू नका, केंद्राला हवा असतो.

विद्यापीठ सोडताना

पदवी, निवृत्ती किंवा बदली यानंतर विद्यापीठाचं खातं काही मुदतीने बंद होतं. ते बंद होण्याच्या निदान महिनाभर आधी विद्यापीठाच्या पत्त्यावर नोंदवलेली खाती मॅनेजरमध्ये शोधा आणि वैयक्तिक मेलवर वळवा. ऑर्सिड (संशोधकांचा ओळख-क्रमांक) आणि जर्नलांची खाती हमखास राहून जातात. विभागाचा डेटा लेखी यादीसह मार्गदर्शकाकडे किंवा विभागाकडे सोपवा आणि स्वतःच्या उपकरणांवरून काढून टाका. जुना फोन रीसेट करण्याआधी ऑथेंटिकेटर ॲप नव्या फोनवर हलवा आणि एकदा लॉगिन करून खात्री करा; लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा तर आधी डिस्क कूटबद्ध आहे ना पाहा आणि मग 'सगळं काढून टाका' या पर्यायाने रीसेट करा.